ऊस तोडायचा, कापूस वेचायचा

आपल्याकडे ऊस तोडतात, कापूस वेचतात, हरभरा उपटतात, ज्वारी काढतात आणि कणसं खुडतात. कुणी ‘आज आम्ही कापूस तोडला’ म्हणालं, तर ओसरीवरची आजी लगेच विचारेल, ‘कुठल्या गावचं म्हणायचं हे लेकरू?’ वाक्याचा अर्थ कळतो, व्याकरणातही खोट नाही, तरी कानाला खटकतं. रंगांचंही तसंच. पिवळं धमक, काळं कुट्ट, हिरवं गार. ‘हिरवं कुट्ट’ का नाही? कारण तसं कुणी म्हणत नाही, एवढंच.

शब्दांच्या या ठरलेल्या सोबतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ही कल्पना तिथे रुजवली जे. आर. फर्थ या ब्रिटिश अभ्यासकाने. १९२० च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत वावरतो ते बघा, असं त्यांनी पुढे १९५७ साली मांडलं. माणसांबद्दल आपल्या आज्या हेच सांगत आल्या आहेत.

लातुरात क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. जवळजवळ प्रत्येकाकडे एक वही असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. परवा एक मुलगी म्हणाली, ‘सर, लई शब्द पाठ केले, पण बोलायला गेलं की गाडी अडकती.’ तिच्या निबंधात कडक चहाचा ‘हार्ड टी’ झाला होता आणि चूक ‘डू’ केली होती. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो. ‘पॉवरफुल’चा अर्थ जवळचाच, पण तो इंजिनाला लागतो, चहाला नाही. पाऊस ‘हेवी’ आणि वारा मात्र ‘स्ट्राँग’. चूक ‘मेक’ करायची, गृहपाठ ‘डू’ करायचा. परीक्षा आपण देतो, इंग्रज ती ‘टेक’ करतो. ‘गिव्ह’ म्हटलं तर त्याला वाटेल की तुम्ही परीक्षा घेणारे मास्तर आहात. (अर्धा देश ‘गिव्ह’ म्हणतो, त्यामुळे बोलताना कुणी तसं म्हटलं तर मी टोकत नाही. पेपरात मात्र खूण करतो.)

गाडी अडकते ती मेंदूच्या एका मर्यादेमुळे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवलं की एका वेळी साधारण सातच गोष्टी आपल्या ध्यानात तग धरतात. पुढच्या संशोधनात हा आकडा चारच्या आसपास आला. पण ‘गोष्ट’ केवढी असावी याला बंधन नाही. दहा सुटे आकडे निसटतात, तेच तीन गटांत बांधले की राहतात. ‘मेक अ मिस्टेक’ ज्याच्या डोक्यात अख्खं बसलंय त्याला एकच जागा लागते. सुटे शब्द पाठ केलेल्याला ते बोलता बोलता जुळवावे लागतात, आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

ही सोबत मेंदू टिपतो तरी कशी? मोजून. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग धार ऐकवली, मधे कुठेही न थांबता, फक्त दोन मिनिटं. कोणत्या अक्षरामागून कोणतं हमखास येतं, हे बाळांनी तेवढ्यात हेरलं. आजीने आपल्याला ‘ऊस तोडणे’ शिकवलं नाही. आपण ते हजार वेळा ऐकलं.

संगणकही हेच करतो. समजा, दोन शब्द प्रत्येकी हजारात एकदा येतात. मग निव्वळ योगायोगाने पहिल्यामागून लगेच दुसरा असे ते दहा लाख शब्दांत साधारण एकदाच यावेत. ते पन्नासदा आले, तर त्यांची सोयरीक जमलीय असं धरायला हरकत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने लाखो शब्दांचा खरा मजकूर संगणकात भरून असा धांडोळा घेतला आणि त्यावरून १९८७ साली शब्दकोश काढला. बोलताना आपण शब्दागणिक वाक्य रचत नाही, बरेचदा तयार तुकडेच उचलतो, हे सिंक्लेअर यांचं म्हणणं मला वर्गात रोज पटतं.

मराठीशी जुळणाऱ्या जोड्या लवकर बसतात. औषध आपणही ‘घेतो’, इंग्रजही ‘टेक’ करतात. घात होतो तो न जुळणाऱ्यांत, म्हणून वेळ तिथेच घालवावा. वहीत अर्थाशेजारी मी तिसरा रकाना आखायला लावतो, ‘सोबती’ नावाचा. दोन दिवसांनी सोबती झाकून आठवायचा, मग आठवड्याने पुन्हा. नुसतं वाचून गेलं की आलं आलं वाटतं आणि आलेलं काहीच नसतं.

त्या मुलीने रकाना आखला आणि पहिला प्रश्न घरचाच विचारला. ‘सर, सोयाबीनला इंग्रजीत काय करतात? तोडतात का काढतात?’

म्हटलं, ‘हार्वेस्ट’ करतात. ऊस, ज्वारी, सोयाबीन, सगळ्यांना तेच चालतं. कापसाला ‘पिक’ही म्हणतात.

‘सगळ्याला एकच?’ तिने पेन थांबवलं. ‘मग हे तर आपल्यापेक्षा सोपंय की!’