आतड्यातला ऑक्सिजन आणि कोंबडीची तब्येत

निफाड-दिंडोरीकडच्या पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी हल्ली 'प्रीबायोटिक' फार असतं. बहुतेकांना ते चांगले जंतू पाजायचं औषध वाटतं. जंतू पाजतात ते प्रोबायोटिक. प्रीबायोटिक म्हणजे आतड्यात मुळातच असलेल्या जंतूंचं खाद्य. १९९५ साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली.

इन्युलिनचंच घ्या. ही फ्रुक्टोजची लांब साखळी. ती तोडणारं विकर ना कोंबडीकडे, ना डुकराकडे, ना आपल्याकडे. त्यामुळे ती बरीचशी न पचताच पुढे सरकते. कोंबडीच्या लहान आतड्याच्या शेवटी, एका टोकाला बंद अशा दोन नळ्या असतात. खरी गंमत तिथे चालते.

तिथले बायफिडोबॅक्टेरिया नावाचे चांगले जंतू ही साखळी कुरतडून लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल बाहेर टाकतात. त्यावर दुसरे जंतू जगतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे आवडतं इंधन. ते जाळताना पेशी रक्तातून आलेला ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतड्याच्या पोकळीत तो जेमतेम पोचतो. ब्युटिरेट बनवणाऱ्यांना हेच हवं असतं, कारण ऑक्सिजन त्यांना सोसत नाही. साल्मोनेला या रोगजंतूचं उलट: ऑक्सिजन मिळाला की तो फोफावतो. अँटिबायोटिकने ब्युटिरेटवाले मेले, की पेशी ऑक्सिजन न वापरता ग्लुकोजवर भागवू लागतात, उरलेला ऑक्सिजन पोकळीत झिरपतो आणि साल्मोनेलाचं फावतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय.

यीस्टच्या पेशीभित्तिकेतल्या मॅननची, म्हणजे मॅनोज साखरेच्या साखळीची, तऱ्हा वेगळी. साल्मोनेला, ई. कोलाय हे जंतू आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोजला चिकटतात. खाद्यात मॅनन असलं तर त्यालाच चिकटून विष्ठेबरोबर बाहेर पडतात.

युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद झालं, तेव्हापासून या पदार्थांना मागणी आली. मात्र पाकिटावरच्या 'सर्व रोगांवर एकच उपाय'ला भुलू नका. लिटर (शेडमधला भुशाचा थर) ओलं, पाणी घाण असेल तर प्रीबायोटिक काही करणार नाही. शेडच्या दाराला टांगलेलं लिंबू-मिरचीही नाही. प्रीबायोटिकचं प्रमाण जास्त झालं तर पिल्लांची विष्ठा उलट पातळ होते.

कांद्यातही इन्युलिनच्याच जातीची साखर असते, पण म्हणून भाव पडल्यावर ट्रॉलीभर कांदा गाईंपुढे ओतू नका. ती साखर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातच आंबून संपते. वर कांद्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशी फोडतात. लघवी तांबडी-काळपट दिसली तर कांदा तिथेच थांबवा आणि पशुवैद्यांना बोलवा.