याकितोरी मागवली, आलं डुक्कर

जपानच्या होक्काइदो बेटावरचं मुरोरान हे पोलाद कारखान्यांचं गाव. तिथे याकितोरी मागवली की समोर येतं काडीला टोचून भाजलेलं डुकराचं मांस. मधे मधे गोल कांद्याच्या फोडी, वर गोडसर सॉस, बाजूला नाकात जाणारी मोहरी. 'याकि' म्हणजे भाजलेलं, 'तोरी' म्हणजे पक्षी. यात पक्षी कुठे? कुठेच नाही, आणि मुरोरानकरांना त्याचं काही वाटतही नाही. तोक्योच्या उत्तरेला हिगाशिमात्सुयामातही तीच गंमत. तिथे डुकराच्या गालाचं मांस भाजून तिखट मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) लावतात आणि पाटीवर याकितोरीच लिहितात.

एरवी कोंबडीची ती याकितोरी, डुकराचं ते याकितोन. काडीला टोचून भाजलेल्या सगळ्याच पदार्थांना 'कुशियाकी' म्हणतात, मग ते मशरूम का असेना. नावांचा हा घोळ झाला, कारण कोंबडी कायम स्वस्त नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत डुकराचं काळीज, आतडी असले भाग टपऱ्यांवर भाजले जायचे; ब्रॉयलर कोंबडी आली आणि मगच याकितोरी सर्वांच्या खिशाला परवडू लागली.

घरी करताना मात्र नावापेक्षा चरबीकडे बघा. याकितोरीसाठी मांडीचं बोनलेस मांस घ्या, छातीचं नको, ते कोरडं पडतं. आपल्याकडे चिकनवाला न विचारता कातडी सोलून टाकतो, म्हणून 'स्किन ठेवा' असं आधीच सांगावं. इंचभर तुकडे करून मधे जाड पातीच्या कांद्याचे दांडे टोचले की झाली 'नेगिमा'. तुकडे एकमेकांना चिकटून बसवा, काडी उघडी राहिली तर तीच आधी जळते. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा. विटांच्या दोन रांगांमध्ये निखारे ठेवून काड्यांची टोकं विटांवर टेकवली की जाळीही लागत नाही. जपानी दुकानांतही मांस असंच निखाऱ्यांवर अधांतरी असतं.

डुकराच्या पोटाकडचं मांस याच्या अगदी उलट वागतं. जपानच्या दक्षिणेकडच्या फुकुओका शहरात याकितोरीच्या दुकानांत ते हमखास मिळतं, सोबत व्हिनेगर घातलेली कोबी. त्याची चरबी निखाऱ्यावर ठिबकते, भडका उडतो आणि मांस काजळतं. आच मंद ठेवा, काडी सतत फिरवा, आणि मीठ सोडून काही लावू नका. माझ्या मते एवढ्या चरबीला गोड सॉस जड होतो. मुरोरानवाले हे ऐकून हसतील.

तो सॉस म्हणजे 'तारे' (आकाशातले नव्हेत). अर्धी वाटी सोया सॉस, अर्धी वाटी मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड वाइन), दोन चमचे साखर, चमच्याला चिकटेपर्यंत आटवायचं. मिरिन नसेल तर पाणी आणि थोडी जास्त साखर. चव तंतोतंत तीच येत नाही, पण काम भागतं. सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच लावा. आधी लावलात तर साखर करपते आणि मांस आत कच्चं राहतं. ज्या वाटीत कच्च्या मांसाचा ब्रश बुडवला, ती ताटाशेजारी ठेवू नका.

आणि मांस पूर्ण शिजू द्या. जपानमध्ये कोंबडी आतून गुलाबी वाढणारी दुकानं आहेत, पण घरी ते धाडस नको. डुकराचं कच्चं मांस किंवा काळीज वाढायला तर तिथल्या हॉटेलांनाही २०१५ पासून बंदी आहे.