हिंडलग्याचा थांबलेला दोर: फाशीच्या मागणीमागचा इतिहास

मोठा गुन्हा घडला की बेळगाव-खानापुरात मोर्चा निघतो आणि घोषणा ठरलेली असते, 'फाशी द्या'. 2024 च्या एप्रिलमध्ये हुबळीत कॉलेजच्या आवारात विद्यार्थिनीचा खून झाला, तेव्हाही हीच मागणी होती. 'फाशी परत सुरू करा' असंही लोक सर्रास म्हणतात. पण कायद्यातून फाशी कधी गेलीच नाही, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. थांबलाय तो बेळगावजवळच्या हिंडलग्याचा दोर. सीमालढ्यातल्या सत्याग्रहींमुळे मराठी घराघरांत ठाऊक असलेल्या या 1923 च्या कारागृहात शेवटची फाशी 1983 साली झाली.

या मुलखाला फाशी नवी नाही. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला त्यांनी 26 जानेवारी 1831 रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगडला वडाच्या झाडावर फाशी दिली. त्या ठिकाणी लोक आजही डोकं टेकवतात, मूल व्हावं म्हणून झाडाला नवसाचे पाळणे बांधतात. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी 29 मे 1858 रोजी मॅन्सन या इंग्रज अधिकाऱ्याला मारलं आणि 12 जूनला बेळगावात ते फासावर गेले. पकडणं, खटला, शिक्षा, सगळं पंधरवड्यात उरकलं. आज 'झटपट फाशी' मागणाऱ्यांनी ही तारीख जरूर आठवावी.

चोर्ला घाटापलीकडे, पोर्तुगिजांच्या गोव्यात मात्र वेगळंच चाललं होतं. पोर्तुगालने 1867 मध्ये सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली आणि 1870 मध्ये तोच नियम वसाहतींना लावला. गोव्यात ती परतली 1961 च्या मुक्तीनंतर, भारतीय कायद्यांबरोबर. 'परत आणली' हे शब्द लागू पडतात ते तिथे.

आपल्याकडे 1955 पर्यंत खुनाला फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं त्याच 1956 साली ही अट सुटली. 1974 पासून उलटं झालं, फाशी द्यायची तर खास कारणं लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बचनसिंग निकालाने 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी घातली.

त्यानंतरची कहाणी हिंडलग्याच्या कोठड्यांतच घडली. 1993 च्या पालार स्फोटात 22 जण ठार झाले. त्या खटल्यातले चंदनतस्कर वीरप्पनचे चार साथीदार इथेच होते. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांचा दयेचा अर्ज फेटाळला. आता फाशी होणार म्हणून गावात चर्चा सुरू झाली, तोच सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. 21 जानेवारी 2014 रोजी शिक्षा जन्मठेपेवर आली, कारण सरकारने दयेचा अर्ज नऊ वर्षं लोंबकळत ठेवला होता. बंगळूरच्या बलात्कार-खुनातला दुसरा एक कैदी 2006 पासून दहा वर्षं इथे एकांत कोठडीत होता. दयेचा अर्ज फेटाळला जाण्याआधी कैद्याला असं एकटं ठेवणं कायद्यात बसत नाही. या कारणावरून नोव्हेंबर 2022 मध्ये त्याचीही फाशी टळली.

लहान मुलं पळवून त्यांचे खून करणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरण तर सीमाभागात प्रत्येक आईला माहीत आहे. 2001 मध्ये सुनावलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द करून जन्मठेप दिली, कारण पुन्हा तेच, सरकारी दिरंगाई. ज्यांची लेकरं गेली त्यांचा संताप खराच आहे, आणि वीस वर्षं त्यांना ताटकळत ठेवणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय. तरीही हिंडलग्याचा दोर पुन्हा ओढावा असं मला वाटत नाही. चूक झाली तर फाशी मागे घेता येत नाही, आणि ज्या यंत्रणेला एक अर्ज वेळेत निकालात काढता येत नाही तिच्या हाती जीव द्यायला माझं मन धजत नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट 2015 मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी असं सुचवलं, संसदेने ते मानलेलं नाही. म्हणून जिल्हा न्यायालयं आजही फाशी सुनावतात. बेळगावात सुनावली, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.