आभा कार्ड नाशिकमध्ये कसं काढायचं: पात्रता, कागदपत्रं आणि संमतीचा महत्त्वाचा भाग

आधी एक गोंधळ दूर करू. आभा कार्ड वेगळं आणि आयुष्मान कार्ड वेगळं. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आभावर एक रुपयाही मिळत नाही. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, एक १४ अंकी क्रमांक. त्याला तुमचे केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जोडता येतात. आभा काढलं म्हणजे ऑपरेशन फुकट होईल असं समजून पेठ-सुरगाण्याहून कुणी भाडं खर्च करून शहरात येऊ नये, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

मग काढायचं कशाला? कळवणचा पेशंट उपजिल्हा रुग्णालयात तपासून घेतो, सोनोग्राफी खासगीत करतो, पुढे त्याला नाशिकच्या सिव्हिलला किंवा शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात पाठवतात. प्रत्येक ठिकाणी नवीन केसपेपर. जुना रिपोर्ट घरी पिशवीत राहिलेला असतो, मागे कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती हे सोबतच्या नातेवाइकाला सांगता येत नाही, आणि तीच तपासणी पुन्हा करावी लागते. हे थांबावं म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं.

पात्रतेची कटकट नाही. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग कुणी विचारत नाही. मुलांच्या नावाने काढताना पालकांची संमती लागते. नोंदणी मोफत आहे आणि ऐच्छिक आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

कागदपत्रांत आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच पुरतं. आभाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा आभा अ‍ॅपवर आधार क्रमांक टाकायचा, संमतीच्या चौकटीत खूण करायची, ओटीपी भरायचा, की क्रमांक तयार. त्यासोबत आभा पत्ता निवडायचा असतो. तो ई-मेलसारखा दिसतो आणि लक्षात ठेवायला सोपा पडतो. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. आधी आधार केंद्रात नंबर जोडून घ्या. आधार द्यायचं नसेल त्यांना ड्रायव्हिंग लायसन्सवरही नोंदणी करता येते, पण तेव्हा आधी तात्पुरता नोंदणी क्रमांक मिळतो आणि आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते.

क्रमांक पाच मिनिटांत निघतो, खरं काम त्यानंतरचं. जुने रेकॉर्ड आपोआप आत येत नाहीत. दवाखाना किंवा लॅब या मिशनला जोडलेली असली पाहिजे, आणि तुमची नोंद शोधताना मोबाइल, नाव, लिंग, जन्मवर्ष हे सगळं जुळलं पाहिजे. आपल्याकडे हमखास इथेच अडतं. आधारवर ‘सुनीता भाऊसाहेब’, केसपेपरवर ‘सुनिताबाई’, मोबाइल नंबर मुलाचा, वय अंदाजे. मग रिपोर्ट असूनही सापडत नाही. म्हणून केसपेपर काढताना आधार पुढे करा, स्पेलिंग तपासा आणि दर वेळी एकच मोबाइल नंबर द्या. ज्या ओपीडीत स्कॅन अँड शेअरचा क्यूआर कोड लावलेला असेल, तिथे अ‍ॅपने तो स्कॅन केला की नाव-पत्ता थेट नोंदणीच्या खिडकीवर पोचतो आणि टोकन मिळतं. लिहिण्यातली चूकही टळते.

आता संमती. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक तो न वाचता पुढे जातात. तुमचे रिपोर्ट एका मोठ्या सरकारी गोदामात साठत नाहीत. ते ज्या त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला पाहायचे असतील तर तुमच्या अ‍ॅपवर विनंती येते. त्यात कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आणि ही परवानगी कधी संपणार, हे सगळं लिहिलेलं असतं. गुडघा दाखवायला गेलात तर दहा वर्षांची सगळी फाइल उघडायची गरज नाही. तारखा कमी करता येतात, नको ते कागद वगळता येतात, विनंती नाकारता येते, दिलेली संमती मागेही घेता येते. आभा नको वाटलं तर बंद करण्याचीही सोय आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाइल मुलांच्या हातात असतो. त्यांच्या वतीने बटण दाबण्याआधी त्यांना विचारा. आजार त्यांचा आहे.

फोनवर कुणी ‘आभासाठी ओटीपी सांगा’ म्हणालं तर सांगू नका. शंका असेल तर १४४७७ या हेल्पलाइनवर विचारा. स्मार्टफोन नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

आणि तुमचा दवाखाना अजून कागदावरच चालत असेल, तरी रेकॉर्ड मिळणं हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यावर ते ७२ तासांत द्यावं लागतं. साध्या कागदावर अर्ज करा, तारीख घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.