विद्यापीठात नोकरी, म्हणून घरच्यांचं शिक्षण फुकट?

कोथरूडच्या कट्ट्यांवर हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरी लागली की बायकोमुलांचं शिक्षण फुकट. अर्धंच खरं आहे. फीमाफीची सक्ती कायद्यात नाही. द्यायची का, किती, किती वर्षांच्या नोकरीनंतर, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. माफ होते ती शिकवण्याची फी. होस्टेल, मेस, पुस्तकं बहुधा आपल्याच खिशातून.

खरी मेख करात आहे. तिथल्या आयकर कायद्याच्या कलम ११७(डी) नुसार कर्मचारी, जोडीदार आणि अवलंबून मुलं यांची पदवीपर्यंतची माफी करमुक्त. पण बायकोने एमएसला प्रवेश घेतला आणि समजा १०,००० डॉलर माफ झाले, तर ते नवऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. हातात छदामही न येता पगारातून कर कापला जातो. पगाराची स्लिप बघून मग घरात जे होतं ते वेगळंच! कर्मचारी स्वतः मास्टर्स करत असेल तर कलम १२७ खाली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत सूट मिळू शकते. पुतणे-भाचे मात्र यात बसतच नाहीत, काका डीन असले तरी.