तक्रारवही आणि प्रश्नावली : एकीचं काम दुसरीला सांगू नका

"यंदा एसीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, म्हणजे ऑफिस सुधारलं," असं म्हणणारे साहेब जळगाव-धुळ्याकडे हमखास भेटतात. सुधारलंही असेल. पण लिहून काही होत नाही हे कळल्यावरही माणसं वहीकडे फिरकत नाहीत.

तक्रारवही बिघाड कुठे आणि कधी ते सांगते. त्रास किती जणांना, हे तिला विचारू नये. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पश्चिमेच्या काचेजवळच्या टेबलांवरून दुपारी तीननंतर "एसी लागत नाही" अशा नोंदी येतात. मेकॅनिक उगवतो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. सगळं ठीक दिसतं, फार तर गॅस भरून जातो. खरं तर खोलीतली हवा २५ अंशांवर असली, तरी तापलेली काच अंगावर उष्णता फेकतच असते. इलाज काचेच्या बाहेर हवा, छज्जा किंवा ताट्या. आतला पडदा तितका कामाचा नाही, कारण ऊन तोवर आत आलेलं असतं. हे सगळं उलगडतं नोंदीतल्या टेबलावरून आणि वेळेवरून. नुसतं "गरम होतंय" लिहिलेली नोंद जवळजवळ वाया जाते.

प्रश्नावली सगळ्यांना विचारते, न बोलणाऱ्यांनाही. एसीच्या झोताखाली शाल घेऊन बसलेल्या बाई वहीत काही लिहीत नाहीत. झोताला पुठ्ठा चिकटवून मोकळ्या होतात. (माझ्या मते तो पुठ्ठा हीच सगळ्यात प्रामाणिक तक्रार.) 'फार थंड' ते 'फार गरम' अशी सात पायऱ्यांची पट्टी यासाठी वापरतात. सगळे खूश होतील ही आशा मात्र सोडावी. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांच्या गणितात उत्तम हवेतही सुमारे ५ टक्के लोक नाराज राहतात, आणि अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं मानक ८० टक्के समाधानाचं लक्ष्य धरतं. म्हणून एका तक्रारीवरून अख्ख्या हॉलचं तापमान २४ वरून २० वर नेणं चूक. त्यानं वीजबिल वाढतं आणि शालीही.

प्रश्नावली जानेवारीत वाटली तर खानदेशातली कुठलीही इमारत पास होईल. ती मे महिन्यात वाटावी, आणि कूलर असतील तर जुलैतही, कारण हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक वाढवतो. वहीतला 'तक्रार मिटली' हा रकाना मात्र कंत्राटदारानं भरू नये. तिथं सही तक्रार करणाऱ्याची हवी, तीही दुपारी तीननंतर.