खुलासा : ‘बायकांना कुठलं आलंय व्यसन?’

व्यसनमुक्ती केंद्रं पुरुषांसाठीच, बायकांना व्यसन नसतंच, हा समज अजून घट्ट आहे. तो खोटा आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून केलेली मशेरी किती घरांत ‘दात घासायला’ म्हणून दिवसातून चार-पाच वेळा लावली जाते! त्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. दारू, झोपेच्या गोळ्या यांचंही व्यसन बायकांना लागतं. फक्त ते दाराआड राहतं. शिवाय बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढीच दारू तिला जास्त बाधते आणि यकृतही लवकर बिघडतं.

पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र निवासी विभाग आहे. वेगळा कशाला? मारहाण, अत्याचार, मुलांपासूनची ताटातूट हे पुरुषांसमोर बोलता येत नाही.

आणि कृपा करून तिला घरात कोंडून दारू सोडवू नका. रोज पिणाऱ्या व्यक्तीची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना गाठा.